कानात सांगण्याआधी

पुण्यात लग्नाकार्याला गेले की पंगतीत कुणीतरी विचारतं, "तुम्ही कुठल्या?" मी म्हणते, "झाशीची." पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "अरे वा! म्हणजे झाशीची राणी!" मी हसते. माझी आईही हसायची. आता माझ्या भाच्या हसतात. एकाच विनोदाला हसायची आमची ही तिसरी पिढी.

विनोदात वाईट काही नाही. फक्त त्या नादात आमचं नाव विचारायचं राहून जातं.

दुसरं एक वाक्य मात्र मला टोचतं. मुलीनं उलट उत्तर दिलं, सुनेनं नाही म्हटलं, की घराघरांतून निघतं, "मोठी आली झाशीची राणी!" जिच्या पुतळ्याला आपण हार घालतो, तिच्याच नावाचा टोमणा करून पोरींना गप्प बसवतो. तुमच्याही तोंडून हे कधी निघालं असेल. माझ्या तोंडून निघालंय, तेही राणीच्या किल्ल्याच्या सावलीत राहून.

म्हणून आज नावांविषयी थोडं बोलते.

मी बोलणारी कोण, तेही सांगते. मी चार भावांची एकटी बहीण. घरातल्या प्रत्येक बारशाला पाळण्यापाशी मीच. बाळाच्या कानात कुर्र करायचं, नाव सांगायचं आणि पाठीत बायकांचे धपाटे खायचे. अकरा भाचरांना मी असं नाव दिलं. आता ते काम माझ्या भाच्यांकडे गेलंय आणि मी घुगऱ्या वाटते. शिवाय पोटासाठी तीस वर्षं झाशीतल्या एका शाळेत शिकवलं. रोज सकाळी हजेरी. त्यामुळे पाळण्यात ठेवलेल्या नावाचं पुढं हजेरीत काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

आपण नाव ठेवतो तेव्हा समोर पाळणा असतो. फुलं, झालर, पेढे. हजेरी कुणाच्या डोळ्यांपुढं नसते. घोटाळा होतो तो तिथंच.

आधी सिनेमा-मालिकांचं बोलू.

पडद्यावरून किंवा मैदानावरून नाव उचलायला माझी हरकत नाही. मोठमोठ्या माणसांनी उचललंय. सचिन तेंडुलकरचं नाव त्याच्या वडिलांनी, कवी रमेश तेंडुलकरांनी, संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव ठेवलं रोहन जयविश्व. रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ, असे तीन आवडते खेळाडू एका पोराच्या नावात बसवले. पण यात एक गोष्ट बघा. ही सगळी माणसं आपलं काम करून दाखवलेली होती. त्यांचं नाव पारखून घेता आलं.

मालिकेतल्या पात्राचं तसं नसतं. ते उद्या काय करील, कुणाला ठाऊक?

शनायाचंच घ्या. 2012 मध्ये 'स्टुडंट ऑफ द इयर' आला. त्यात आलिया भट्टचं नाव शनाया. गोड, नवं, जिभेवर सहज बसणारं. काही घरांनी उचललं. मग ऑगस्ट 2016 मध्ये झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. त्यात राधिका आणि गुरुनाथच्या संसारात घुसलेली बाई कोण? शनाया! झालं. तीन-चार वर्षांची पोर बालवाडीत निघालीय आणि जिन्यात शेजारच्या काकू विचारताहेत, "काय गं, गुरुनाथ कुठाय?" पोरीला गुरुनाथ कोण ते माहीत नाही. पण मोठी माणसं आपल्या नावाला हसतात, एवढं तिला नक्की कळतं. ती मालिका 2021 पर्यंत चालली. बालवाडीतली पोर तिसरीत गेली तरी काकूंचा विनोद तोच.

तेव्हा पहिलं सांगणं हे. मालिका चालू असेपर्यंत तिच्यातलं नाव घेऊ नका. संपू द्या. संपल्यावरही ते नाव गोड वाटत असेल तर खुशाल घ्या.

आता याची दुसरी बाजू. कधी नाव जुनं असतं आणि गाणं मागून येतं. 2010 मध्ये चार महिन्यांच्या आत दोन गाणी आली. 'दबंग'मध्ये मुन्नीचं, 'तीस मार खाँ'मध्ये शीलाचं. आमच्या झाशीत तर गल्लीगल्लीत एक मुन्नी. इकडं धाकट्या लेकीचं ते लाडाचं नाव. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीनं घरी निक्षून सांगितलं, की मला यापुढं शाळेतल्या नावानं हाक मारा. आणि शीला म्हणजे तर आमच्या वयाच्या बायका. साठी उलटलेल्या. भाजी घ्यायला निघाल्या तरी मागून पोरं गुणगुणायची. पुढं 2021 च्या शेवटी 'पुष्पा' आला. त्यातला पुष्पा तर बाप्या माणूस. तरी पुष्पा नावाच्या बायकांसमोर पोरं हनुवटीखालून हात फिरवून दाखवायला लागली.

या बायकांनी काय केलं होतं? काही नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणा आत्यानं कानात एक चांगलं नाव सांगितलं होतं, एवढंच.

पुढं कोणतं गाणं येईल ते तुम्हाला-मला कळायचं नाही. त्याचा घोर लावून घेऊ नका. पण आपल्या घरातलं पोर दुसऱ्याच्या नावावरून चिडवत असेल, तर जागच्या जागी थांबवा. हसून सोडू नका. मी एकदा हसून सोडलंय, ते आता सांगते.

1997 ला 'दिल तो पागल है' आला, पुढच्याच वर्षी 'कुछ कुछ होता है'. राहुल आणि पूजा, राहुल आणि अंजली. पाच-सहा वर्षांनी ही सगळी मंडळी माझ्या वर्गात येऊन बसली. तीन राहुल, चार पूजा. हजेरी घेताना "पूजा" म्हटलं की चार आवाज. मुलांनीच मग सोय लावली. मोठी पूजा, छोटी पूजा, चष्मेवाली पूजा. आणि चौथी सावळी होती. तिला काय म्हणायला लागले, ते लिहायला नको.

मी पहिल्याच दिवशी ओरडायला हवं होतं. मला वाटलं, पोरं आहेत, विसरतील. आठवड्यानं थांबवलं. तो एक आठवडा त्या पोरीला किती वर्षं पुरला असेल, कोण जाणे.

तुम्ही म्हणाल, आडनावानं हाक मारायची होती. इकडं आडनाव घेतलं की जात कळते, आणि त्यातून दुसरं चिडवणं सुरू होतं. म्हणून मी आईच्या नावाचं पहिलं अक्षर जोडलं. पूजा स, पूजा म. पोरींना आवडलं. आता महाराष्ट्र सरकारनंही 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी ठरवलंय, की सरकारी कागदावर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला बरं वाटलं.

पण सगळ्यांचंच असलेलं नाव ठेवू नये, असं मी म्हणणार नाही. उलट अशा नावात एक सुख असतं. कुणी चुकीचं लिहीत नाही. कुणी तीनदा विचारत नाही. आमच्या पिढीत घरटी एक कुसुम, एक सुशीला, एक सुधीर होता. आमचं काही अडलं नाही. आत्ता आरव, विहान, मायरा, अनाया यांची रांग आहे. त्यांचंही अडणार नाही. एवढंच करा, की शेजारी आणि नात्यात त्याच वयाचं त्याच नावाचं पोर आहे का, ते आधी विचारा. एकाच अंगणात दोन आरव असले की एक आपोआप "तो दुसरा" होतो.

वेगळं नाव शोधायला निघालात तर अर्थ तपासा. यादीत एखाद्या नावापुढं "संस्कृत, अर्थ देवीचा प्रकाश" वगैरे लिहिलेलं असतं. बरेचदा ते कुणीतरी सुचलं तसं लिहिलेलं असतं. घरात कुणाला संस्कृत येत असेल तर विचारा. शब्दकोश उघडा. नाहीच अर्थ सापडला तर "कानाला गोड लागलं म्हणून ठेवलं" असं सरळ सांगा. त्यात लाजायचं काय? कियारा अडवाणीनं स्वतःचं नाव 2010 च्या 'अंजाना अंजानी'मधल्या नायिकेवरून घेतलं आणि तसं उघड सांगितलं.

बातमीवरून नाव मात्र ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. 2020 च्या टाळेबंदीत रायपूरला जुळ्यांची नावं कोविड आणि कोरोना ठेवली. आमच्या उत्तर प्रदेशात देवरियाला एका मुलाचं नाव ठेवलं लॉकडाऊन. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर कुशीनगरच्या सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या 17 मुलींची नावं सिंदूर ठेवली. त्या आईबापांची भावना मला कळते. पण मी हजेरी घेतलेली बाई आहे. पाच वर्षांनी त्यातल्या सहा जणी एकाच वर्गात बसल्या तर त्या मास्तरणीनं करावं काय?

आता तुमच्या गावाबाहेरचं बोलते. पोर जिथं वाढणार, तिथल्या कानांना ते नाव कसं लागतं, ते बघा. आम्ही मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या झाशीत आहोत, म्हणून हे आम्हाला ठेच लागून कळलंय.

आपण लाडानं म्हणतो "माझं पिल्लू". हिंदीत पिल्ला म्हणजे कुत्र्याचं पोर. आपण म्हणतो "बाळ". इकडच्यांना ळ ऐकू येत नाही, म्हणता येत नाही. त्यांच्या कानात पडतं "बाल", म्हणजे केस. आपली चिमणी उडते. त्यांची चिमनी धूर सोडते. माझ्या एका भाचीला आजी प्रेमानं चिमणी म्हणायची. गल्लीतल्या पोरांनी वीटभट्टीवरून तिला इतकं पिडलं, की शेवटी आजीलाच समजवावं लागलं. आजी म्हणाली, "त्यांच्या भाषेत धूर असला तर मी काय करू?" पण तिनं हाक बदलली. पोरीला चिऊ म्हणायला लागली.

आणखी एक. किरण हे नाव महाराष्ट्रात मुलाचं असतं, मुलीचंही. यष्टिरक्षक किरण मोरे आठवा. उत्तरेत मात्र किरण म्हणजे बहुतेक बाईच. उलट आपल्याकडं किशोरी म्हटलं की किशोरी आमोणकर, आणि इकडं किशोरीलाल. आपली विद्या मुलगी, इकडं विद्याचरण. तुमच्या किरणला दिल्ली-लखनौहून "श्रीमती" म्हणून पत्र आलं तर चिडू नका. फक्त अर्जावर श्री की श्रीमती हे न विसरता लिहा.

तुमचं पोर बंगळुरूत वाढेल, जर्मनीत वाढेल. तिथल्या एखाद्या शेजाऱ्याला आधी नाव म्हणायला सांगा. तो कसं म्हणतो ते ऐका. तसं आयुष्यभर ऐकायची पोराची तयारी असेल का, एवढा विचार करा. नाव बदलाच असं नाही. मुक्ता, ओवी, ज्ञानदा ही नावं आपण सोडून द्यायची नाहीत. फक्त ठेवताना डोळे उघडे असावेत.

कागदांचं काम रटाळ आहे. पण ते टाळू नका.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. दवाखान्यात कुणी घाई करून "नाव सांगा, नाव सांगा" म्हणालं तर गडबडू नका. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद करता येते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. पण इतकं लांबवू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, मतदार यादी, लायसन्स, सगळीकडं हाच एक दाखला लागणार आहे. त्यावर जे छापलं, ते पोराला चिकटलं.

दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. मराठी किंवा हिंदी अक्षरं वाचा, इंग्रजी स्पेलिंग वाचा. समजा नाव ऋतुजा आहे. आपण रु म्हणतो, इकडं रि म्हणतात. एका कागदावर आर-यू, दुसऱ्यावर आर-आय. ज्ञानेश्वराचं तर विचारूच नका. मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, हिंदी माणूस जी-वाय. दोन्ही बरोबर. पण दोन कागदांवर दोन असली की परीक्षेच्या अर्जाला पोर अडकतं. घरात एकदा बसून स्पेलिंग ठरवा. एका वहीत लिहा. ती वही कपाटात ठेवा आणि जो कुणी अर्ज भरेल त्याला तीच बघून भरायला सांगा. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, हे लक्षात असू द्या.

आमच्या स्टेशनचंच बघा ना. डिसेंबर 2021 मध्ये त्याचं नाव बदलून वीरांगना लक्ष्मीबाई केलं. मग त्याला झाँसी जोडलं. तिकिटावरची जेएचएस ही खूण जाऊन व्हीजीएलजे आली. सन्मान झाला, चांगलं झालं. पण पहिल्यांदा येणारे पाहुणे गाडीत बसून विचारत राहिले, झाशी गेली का. रिक्षावाला आजही "झाँसी टेसन" एवढंच ओरडतो.

म्हणजे कागदावरचं नाव एक आणि तोंडातलं दुसरं. माणसांचंही असंच होतं. आता इथं मला आमच्या राणीकडं यायलाच हवं.

काशीत मोरोपंत तांबे आणि भागीरथीबाई यांना मुलगी झाली. नाव ठेवलं मणिकर्णिका. घरात मनू. बिठूरला पेशव्यांच्या वाड्यात तिला छबेली म्हणायचे. 1842 मध्ये झाशीला तिचं लग्न झालं. शहरातल्या महाराष्ट्र गणेश मंदिरात आजही लोक तुम्हाला ती जागा दाखवतील. त्या लग्नात आपल्या रिवाजाप्रमाणं तिचं नाव बदललं आणि ती लक्ष्मीबाई झाली. एका पोरीची चार नावं. त्यातलं एकही तिला विचारून ठेवलेलं नव्हतं. 2019 मध्ये कंगना रनौतचा सिनेमा आला, त्याचं नाव मात्र 'मणिकर्णिका'. पावणेदोनशे वर्षांनी पाळण्यातलं नाव पाटीवर लागलं.

तिच्या सोबतची माणसं बघा. तात्या टोपे म्हणजे येवल्याचे रामचंद्र पांडुरंग. नानासाहेब म्हणजे धोंडोपंत. ही पाळण्यातली नावं किती जणांना सांगता येतील? आमच्या झाशीचे ध्यानचंद घ्या. पलटणीत भरती झाले ते ध्यानसिंह म्हणून. रात्री चांदण्यात हॉकीचा सराव करायचे, म्हणून सोबती चांद म्हणायला लागले आणि तेच नाव जगाला कळलं, असं इकडं सांगतात.

म्हणून हाक जपा. तुम्ही लाडात जे म्हणता तेच टिकतं. गुंड्या, ढब्बू, काळू, नकटी. तुम्हाला गंमत वाटते. पण चाळिशीच्या माणसाला त्याच्या पोरांसमोर भर मांडवात "ए ढब्बू" म्हणून हाक ऐकावी लागते. सात-आठ वर्षांचं झालं की पोराला एकदा विचारा, "तुला ही हाक आवडते का?" नाही म्हणालं तर घरातल्या सगळ्यांना सांगून बंद करा. आजोबांनाही सांगा. आजोबांना सांगणं सगळ्यांत अवघड असतं, पण सांगा.

राणीची दुसरी गोष्ट जास्त दुखरी आहे. 1851 मध्ये तिला मुलगा झाला, दामोदर. चार महिन्यांचा होऊन गेला. नोव्हेंबर 1853 मध्ये तिचे पती गंगाधरराव आजारी पडले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी भाऊबंदांतला एक मुलगा दत्तक घेतला. त्याचं नाव आनंदराव. पाच वर्षांचा होता. दत्तक घेताना त्याचं नाव बदलून दामोदरराव ठेवलं. गेलेल्या बाळाचं नाव. पुढं झाशी गेली, 1858 च्या जूनमध्ये राणी ग्वाल्हेरला पडली, आणि तो मुलगा इंदूरला वाढला. 1906 मध्ये वारला तो दामोदरराव म्हणूनच. त्या वेळी राज्य वाचवायचं होतं, शोकही ताजा होता. मी दोष देत नाही. पण मला नेहमी वाटतं, की आनंद या पाच वर्षांच्या मुलाला दामोदर म्हणून पहिली हाक ऐकू आली तेव्हा त्यानं ओ दिली असेल का?

तुमच्या घरात कुणी अकाली गेलं असेल, तर त्याचं नाव नव्या बाळावर घालताना दोनदा विचार करा. आजोबांचं नाव नातवाला, हे चालत आलंय. त्यात प्रेम आहे. पण मग सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणून सून पोराला "बाळ" म्हणते, आणि झाशीत त्याचे केस होतात ते मी सांगितलंच. फार वाटत असेल तर ते नाव दुसरं म्हणून ठेवा. हाक वेगळी असू द्या.

आणि सुनेचं नाव. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचं, हा खेळ म्हणून छान आहे. मीही अशी बदलली गेले. माझं माहेरचं नाव माझ्या पदवीवर, सासरचं रेशनकार्डावर. पेन्शनच्या वेळी या दोन बायका एकच आहेत, हे सिद्ध करायला मी प्रतिज्ञापत्र करत हिंडले. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. मुलीला आधी विचारा. ती हो म्हणाली तर ठीक. नाही म्हणाली तर तांदळावर तिचंच नाव लिहा. अंगठीला काय, कोणतंही नाव लिहिता येतं.

शेवटी, दुसऱ्याच्या पोराच्या नावावर आपलं मत. मराठीत नाव ठेवणं एक आणि नावं ठेवणं दुसरं. आपल्याला दुसऱ्याचीच हौस फार. 'फर्जंद', 'पावनखिंड' या सिनेमांत शिवाजी महाराजांची भूमिका करणारे चिन्मय मांडलेकर तुम्हाला माहीत असतील. एप्रिल 2024 मध्ये त्यांच्या मुलाच्या नावावरून लोकांनी त्यांना, बायकोला, त्या लहान मुलालाही इतकं अद्वातद्वा बोललं, की यापुढं महाराजांची भूमिका करणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मुलाचं नाव मी इथं लिहीत नाही. ते पोर आहे. आणखी एका कागदावर त्याची चर्चा कशाला? तुम्हाला ते नाव पसंत नसेल, नसू द्या. ते तुमच्या पोराला ठेवू नका. तुमचा अधिकार तिथं संपला.

बारशाला गेलात आणि नाव आवडलं नाही तर काय करायचं? घुगऱ्या खायच्या. "छान आहे" म्हणायचं. घरी परततानाही रिक्षात बोलायचं नाही, कारण सोबतची पोरं ऐकतात आणि उद्या शाळेत सांगतात. आणि कानात सांगण्याआधी, तुमच्याच घरचं बाळ असेल तर, गच्चीवर जाऊन ते नाव एकदा पूर्ण म्हणा. आडनावासकट. रागावल्यासारखं म्हणा, मग लाडानं म्हणा. जीभ अडखळली नाही तर ठेवा.

आंध्र-तेलंगणात मुलींचं नाव झान्सी ठेवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? झान्सी, झान्सी लक्ष्मी. तेलुगू दूरदर्शनवर या नावाची एक लोकप्रिय निवेदिका आहे. इतक्या दूर आमच्या गावाचं नाव एखादी आई पाळण्यात सांगते, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. खुद्द झाशीत या नावाची मुलगी मी हजेरीत एकदाही वाचली नाही. इथल्या मुली आहेत पूजा, अंजली, शिवानी, नेहा, मुन्नी.

तेव्हा पुढच्या लग्नात पंगतीत झाशीची कुणी मुलगी शेजारी बसली, तर राणीचं नंतर बोला. आधी तिचं नाव विचारा.